आठवं प्रकरण दोनदा

पुस्तक छापून घरी आलं त्या दिवशी मिस्त्रींना स्वतःच्या पलंगावरून उठावं लागलं. प्रकाशकाचा माणूस गठ्ठे आणून टाकत होता. आधी कोपरा भरला, मग खिडकीखालची जागा भरली, मग शिवणयंत्र दिसेनासं झालं, आणि उरलेले गठ्ठे पलंगावर गेले. मिस्त्रीणबाई ओल्या हातांनी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, लेखक झालात ते छानच झालं. पण आता झोपायचं कुठे?"

मिस्त्रींना झोपेची पर्वा नव्हती. ज्या माणसाने चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, ज्याने सगळ्यात मोठं लिखाण म्हणून रजेचे अर्ज केले, त्याचं नाव पुस्तकावर छापून येतं ही काही रोजची गोष्ट नाही. पुस्तकाचं नाव होतं 'कृपया घाबरू नका'. ही पाटी लिफ्टमध्ये लावलेली असते, आणि ती वाचल्यावरच माणूस पहिल्यांदा घाबरतो, असं मिस्त्रींचं अनुभवाचं मत होतं.

प्रकाशक कसा मिळाला ती गोष्ट वेगळीच. तो पावतीपुस्तकं आणि दिनदर्शिका छापणारा गृहस्थ. एकदा आपल्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये तीन तास अडकला आणि दारापलीकडे आलेल्या मिस्त्रींना रडवेल्या आवाजात म्हणाला, "मला बाहेर काढा हो, तुम्ही म्हणाल ते छापून देतो." मिस्त्रींनी आधी पुस्तकाचं पक्कं करून घेतलं आणि मगच दार उघडलं, असं प्रकाशक सांगतो. मिस्त्री म्हणतात, दार उघडायला तेवढा वेळ लागतोच.

आता खरं सांगायचं तर पुस्तकातली बारापैकी अकरा प्रकरणं म्हणजे नुसता देखावा होता. दोर कसा तपासावा, दार का अडकतं, कोण कुठे किती वेळ अडकलं आणि आतून कोणाला काय शिव्या देत होतं, असं सगळं त्यात होतं. मिस्त्रींनी दोनशे पानं लिहिली ती नवव्या प्रकरणासाठी, आणि नववं प्रकरण लिहिलं ते एकाच माणसाने वाचावं म्हणून. तो माणूस मिस्त्रींच्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर राहत होता. मिस्त्री पहिल्यावर.

तो म्हणजे त्यांचा जोडीदार. बावीस वर्षं दोघांनी जोडीने काम केलं. लिफ्ट जिच्यातून वर-खाली जाते त्या उंच पोकळीला शाफ्ट म्हणतात. जोडीदार शाफ्टच्या वरती, यंत्राच्या खोलीत. मिस्त्री खाली, खड्ड्यात. दोघं एकमेकांशी बोलायचे ते शाफ्टमधून, ओरडून. पाना कितीचा हवा, पोरीचा ताप उतरला का, साहेब कसा गाढव आहे, सगळं. हाक पोचली नाही तर लिफ्ट ज्याला धरून सरकते त्या लोखंडी रुळावर ठोकायचं. एक ठोका म्हणजे ऐकलं. दोन म्हणजे खड्ड्यातून बाहेर निघ. तीन म्हणजे लिफ्ट सोडतोय. आणि काम संपवून चहाला समोरासमोर बसले की दोघांच्याही तोंडाला कुलूप. बावीस वर्षांत टेबलावर त्यांचं बोलणं "साखर?" आणि "बस" यापुढे गेलं नव्हतं.

एकोणीस वर्षांपूर्वी एका बड्या कचेरीत ते दोघं ब्रेक बदलत होते. जोडीदाराने यंत्राच्या खोलीतला लाल स्विच बंद केला, म्हणजे लिफ्ट हलू नये, आणि तो चहाला गेला. मिस्त्री तेलाचा डबा घ्यायला वर गेले. खोलीत अंधार. भिंतीवर हात फिरवला आणि दिव्याचा समजून लाल स्विच चालू केला. दिवा काही लागला नाही, म्हणून डबा चाचपडत घेऊन खाली आले. तेवढ्यात कंपनीचे सगळ्यात मोठे साहेब हातात पुष्पगुच्छ घेऊन लिफ्टमध्ये शिरले. ब्रेक नव्हताच. साहेब तळमजल्यावरून सहाव्यावर गेले, सहाव्यावरून तळाला आले, आणि असे अकरा वेळा गेले. प्रत्येक मजल्यावर स्वागताला माणसं उभी होती. प्रत्येक वेळी साहेब समोरून जात तेव्हा ती टाळ्या वाजवत. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण पुष्पगुच्छाच्या नुसत्या काड्या उरल्या आणि चौकशी लागली.

चौकशीत विचारलं, स्विच कोणी बंद करायचा होता? जोडीदार मुळातच विसरभोळा. कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारा. तो म्हणाला, "मी केला होता असं वाटतंय. पण नसेल केला. माझ्याकडूनच राहिला असेल." मिस्त्री शेजारच्या खुर्चीवर होते. त्यांची दातखीळ बसली ती बसलीच. बावीस वर्षं काम केलेल्या मिस्त्रीने दिवा समजून लाल स्विच दाबला, हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने!

जोडीदाराला यंत्रांवरून काढून गोदामात बसवलं. त्याने तक्रार केली नाही. फक्त एक शपथ घेतली. ज्याला एक स्विच लक्षात राहत नाही त्याने लिफ्टच्या वाटेला जाऊ नये. तेव्हापासून तो रोज पाच मजले जिन्याने चढतो-उतरतो. जिना लिफ्टच्या जाळीला वेढा घालून वर जातो, त्यामुळे शेजारून लिफ्ट सुळकन निघून जाते आणि हा भाजीची पिशवी घेऊन पायरीवर थांबून गुडघा चोळतो. मिस्त्रींच्या दारावरून तो रोज जायचा. "काय?" म्हणायचा. मिस्त्री म्हणायचे, "चाललंय." एकोणीस वर्षं.

आता डॉक्टरांनी सांगितलं होतं की या गुडघ्यांना यापुढे एकही जिना झेपणार नाही. जोडीदाराच्या मुलाने दुसऱ्या गावी आपल्या बैठ्या घरात एक खोली रिकामी केली होती आणि महिनाअखेर तो गाडी घेऊन वडिलांना न्यायला येणार होता. म्हणजे मिस्त्रींच्या हातात एक महिना होता.

"चार मजले चढा आणि सांगून या," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. त्यांनीच पुस्तकाची सुवाच्य प्रत लिहून काढली होती, त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक होतं.

"तोंडावर कसं सांगायचं?"

"मग पुस्तक हातात द्या."

"हातात देणं म्हणजे सांगणंच झालं की. 'काय आहे यात?' म्हणाला तर?" मिस्त्री म्हणाले. "त्यापेक्षा पुस्तक गाजलं पाहिजे. गावभर झालं की त्याच्या हाती आपोआप पडेल."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मिस्त्रीणबाई म्हणाल्या आणि गठ्ठे ओलांडून आत गेल्या.

तर पुस्तक गाजवायचं ठरलं. प्रकाशकाने हात वर केले. "छापणं माझं काम. लेकरू तुमचं, नाक तुम्हीच पुसा. हल्ली लेखकाला स्वतःच हातपाय मारावे लागतात." मिस्त्रींनी बजावलेल्या पहिल्या कामगिरीत त्यांनी चौकातल्या दुकानदाराला दहा प्रती ठेवायला लावल्या. दुकानदाराने नुसतं नाव वाचलं आणि पुस्तक आजारांच्या फळीवर लावलं, मूळव्याध आणि निद्रानाश यांच्या मध्ये. मिस्त्रींनी तीनदा ते उचलून अनुभवांच्या फळीवर ठेवलं. चौथ्यांदा दुकानदाराने त्यांना ओळखलं आणि सांगितलं की गिऱ्हाइकांनी मांडणीला हात लावू नये.

मग त्यांना अस्सल मिस्त्रीची युक्ती सुचली. इमारतीच्या लिफ्टमध्ये आरशाखाली त्यांनी दोरीने एक प्रत टांगली. जाता-येता लोकांनी वाचावी. लोक वाचूही लागले, पण प्रत्येकजण आपापल्या मजल्यापुरतंच. पहिल्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंची अजून अर्पणपत्रिकाच चालली होती. तिसऱ्यावरचा शिंपी दुसऱ्या पानावर होता. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई मात्र वाचनाच्या नादात वर-खाली फेऱ्या मारायच्या, आणि खाली रांगेत उभे असलेले लोक जाळीवर हात आपटायचे. हिशेब साधा होता. जो जितका वर राहतो त्याचं वाचन तितकं पुढे जाणार. नवव्या प्रकरणापर्यंत पोचण्याची आशा होती ती पाचव्या मजल्याकडून, आणि पाचव्या मजल्यावर राहणारा एकटा माणूस लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नव्हता. हे लक्षात आलं तेव्हा मिस्त्री लिफ्टमध्येच मटकन खाली बसले.

परगावच्या लेकीने फोनवरून फर्मान काढलं. "बाबा, आता व्हिडिओशिवाय काही खपत नाही. पहिल्या पाच सेकंदांत माणूस पकडायचा." मिस्त्रींनी चाळीस वर्षं माणसं सोडवली होती, पकडण्याची सवय नव्हती. तरी मिस्त्रीणबाईंनी फोन धरला आणि मिस्त्री पाच सेकंदांच्या आत ओरडले, "कृपया घाबरू नका!" तो व्हिडिओ अकरा हजार लोकांनी बघितला. मिस्त्री हर्षाने वेडे व्हायचे बाकी होते. मग लेकीने लोकांचे अभिप्राय वाचून दाखवले. चारशे जणांनी विचारलं होतं, काकांच्या मागचा निळा पडदा कुठे मिळेल. पडदा मिस्त्रीणबाईंनी शिवलेला होता. त्या आठवड्यात पुस्तकाची एकही मागणी आली नाही, पडद्यांच्या नऊ आल्या, आणि मिस्त्रीणबाईंनी शिवणयंत्रापर्यंत जायला गठ्ठ्यांमधून वाट काढली.

राहता राहिला प्रकाशन समारंभ. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते उगाच नाही. वाचनालयाचं सभागृह तिसऱ्या मजल्यावर होतं. प्रमुख पाहुणे निवृत्त मुख्याध्यापक. कोणत्याही विषयावर पंचेचाळीस मिनिटं बोलण्याची त्यांची ख्याती होती. जोडीदाराच्या दाराच्या फटीतून मिस्त्रींनी निमंत्रण सरकवलं होतं, आणि मिस्त्रीणबाईंनी जिन्यात त्याला अडवून "भावोजी, यायचंच हं," असं बजावलं होतं. बेत असा की व्यासपीठावरून नववं प्रकरण मोठ्याने वाचायचं, सभेकडे बघत. सभेत तो बसलेला असेलच.

पाहुणे आले, हार घेऊन कार्यकर्ते आले, आणि ते सगळे मिळून वाचनालयाच्या लिफ्टमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये अडकले. पाहुणे वेळेचे पक्के. ठरलेल्या मिनिटाला त्यांनी आतूनच भाषण सुरू केलं. भाषण तिकडे चालू झालेलं बघून सभागृहातली अकरा माणसं उठून जिन्यात जाऊन उभी राहिली. मिस्त्री कडक इस्त्रीचा नवा सदरा घालून खड्ड्यात उतरले. सभागृहात रिकाम्या खुर्च्या, एक फुलदाणी, मिस्त्रीणबाई, आणि तीन जिने चढून आलेला जोडीदार.

खालून मिस्त्री सवयीने ओरडले, "वर कोण आहे का? ब्रेक सोडायचाय!"

जोडीदार खुर्चीतून अर्धा उठला. मग पुन्हा बसला. "वहिनी, कोणीतरी दुसरं बघा," तो म्हणाला. "मी लिफ्टला हात लावत नाही. माझ्या हातांचा भरवसा नाही."

पाहुणे सुटले तोवर सभा पांगली होती आणि वाचन राहूनच गेलं. जोडीदाराचं बोलणं मिस्त्रीणबाईंनी घरी आल्यावर सांगितलं. मिस्त्रींचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, "भूक नाही," आणि गठ्ठ्यांवर तोंड फिरवून आडवे झाले. त्यांना खरंच रडू येत होतं, पण सदऱ्याला लागलेल्या तेलाचं निमित्त करून त्यांनी ते लपवलं.

पण त्या फजितीतून एक गोष्ट घडली होती. निघताना जोडीदाराने टेबलावरची एक प्रत उचलली होती. "एवढ्या पायऱ्या चढून आलोय, रिकाम्या हाताने काय जायचं," असं म्हणाला होता.

आणि तो वाचायला लागला. गोदामात काम केलेला माणूस, त्याचं सगळं नेमाने. रोज दुपारी जेवल्यावर बारा पानं. एक पान कमी नाही, एक जास्त नाही. संध्याकाळी भाजी घेऊन येताना मिस्त्रींच्या दाराशी थांबायचा. "काय?" "चाललंय." "दुसरं प्रकरण झालं. त्या दोराला सहा पेड होते, तू आठ लिहिलेयस." दुसऱ्या दिवशी, "शिंप्याची बायको अडकली तो मंगळवार होता. तू बुधवार घातलायस." अख्ख्या गावात पुस्तकाला एकच वाचक मिळाला होता आणि तो चुका काढत पुढे पुढे चालला होता. मिस्त्रींनी बोटं मोजली. नववं प्रकरण गुरुवारी संपत होतं. त्यांची पाचावर धारण बसली. जे घडावं म्हणून जिवाचं रान केलं ते आता घडू नये असं त्यांना वाटायला लागलं.

नेमका त्याच गुरुवारी दुकानदाराचा निरोप आला. आजारांच्या फळीवरून कोणीतरी पुस्तक नेलं होतं, आणि भित्र्या माणसांच्या एका मंडळाने लेखकाला मार्गदर्शनासाठी बोलावलं होतं. घरात बसण्यापेक्षा बरं म्हणून मिस्त्री गेले. वीस माणसं गोल मांडून बसली होती. कोणाला पालीची भीती, कोणाला दाताच्या डॉक्टरची, एकाला टेलिफोनची. सगळे आशेने मिस्त्रींकडे बघत होते. मिस्त्रींनी तोंड उघडलं आणि त्यांच्या तोंडून आलं, "मला पाचव्या मजल्याची भीती वाटते."

मग ते थांबेचनात. मंडळाने त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. पालीला भिणारे गृहस्थ म्हणाले, "आमच्यात तुम्हीच सगळ्यात भित्रे." पुस्तक मात्र कोणी घेतलं नाही. नाव फार भीतिदायक आहे म्हणाले.

परत आले तर जिन्यात जोडीदार. मिस्त्रींनी कठडा घट्ट धरला.

"काय?"

मिस्त्रींना "चाललंय" म्हणता येईना.

"आजची पानं वाचली," जोडीदार म्हणाला. "छान आहेत."

"छान?"

"आठवं प्रकरण दोनदा घातलंयस ना, ते आवडलं. मी दोन्ही वेळा वाचलं. दुसऱ्यांदा जास्त रंगलं."

"आणि नववं?"

"नववं कुठे आहे? आठवं संपलं, परत आठवं लागलं, मग एकदम दहावं. मी म्हटलं, लिफ्टसारखं केलं असेल पठ्ठ्याने. वर जायचं, परत खाली यायचं." असं म्हणून तो गुडघ्यावर हात टेकत पुढच्या पायरीवर चढला.

मिस्त्री धावत घरात गेले. गठ्ठे फोडले. बऱ्याच प्रती ठीक होत्या. पण एका गठ्ठ्यात बांधणी करणाऱ्याने नवव्या प्रकरणाची सोळा पानं घालायच्या जागी आठव्याचीच सोळा पानं पुन्हा घातली होती. प्रकाशक फोनवर शांतपणे म्हणाला, "होतं असं. वाचकांच्या तक्रारी आल्यात का?"

"वाचक एकच आहे."

"मग त्याला बदलून द्या."

शुक्रवारी मिस्त्रींनी चांगली प्रत घेऊन जिन्यात जोडीदाराला गाठलं. तो म्हणाला, "नको. वाचलेलं पुस्तक मी परत वाचत नाही. आठवं वाचलं ते तू दोनदा दिलंस म्हणून. आणि आता वेळ कुठाय? रविवारी मुलगा गाडी घेऊन येतोय."

शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी मिळून मिस्त्री तीनदा पाचव्या मजल्यावर गेले. पहिल्यांदा दार उघडल्यावर त्यांनी पाना मागितला. दुसऱ्यांदा शिडी. तिसऱ्यांदा अर्धं लिंबू. जोडीदाराने तिन्ही दिलं. मिस्त्रीणबाई लिंबाकडे बघत म्हणाल्या, "घरात चार आहेत. आता त्याच्याकडून ट्रंकही आणा, म्हणजे त्याला नेण्यासारखं काही उरायचं नाही."

शनिवारी दुपारी इमारतीच्या लिफ्टला तेल घालायचा दिवस होता. ते काम मिस्त्री अजून स्वतःच करत. त्यांनी लिफ्ट पाचव्या मजल्यावर नेऊन ठेवली, गच्चीवरच्या खोलीत जाऊन लाल स्विच बंद केला, विजेरी लावून तीनदा बघितला, आणि जिन्याने खाली येऊन खड्ड्यात उतरले. तिथे नेहमीचा वास होता, तेलाचा आणि जुन्या लोखंडाचा. मान वर केली की पाच मजल्यांची पोकळी. डोकं काही ठरवायच्या आत त्यांच्या तोंडून हाक गेली, "ए, वर आहेस का?"

पाचव्या मजल्याचं दार बांधाबांधीमुळे उघडंच होतं. वरून तसाच चटकन आवाज आला, "आहे! बोल!"

दोघंही दचकले असणार. मग मिस्त्रींनी खिशातली चांगली प्रत काढली, विजेरी दातांत धरून नववं प्रकरण उघडलं, विजेरी पुन्हा हातात घेतली आणि ओरडून वाचायला लागले.

"त्या दिवशी माझ्या जोडीदाराने स्विच बंद केला होता! तो विसरला नव्हता! तेल आणायला मी वर गेलो, अंधार होता, दिव्याचा समजून लाल स्विच मी दाबला!"

पहिल्या मजल्याचं दार उघडलं. मग दुसऱ्याचं. मास्तरीणबाई जाळीला नाक लावून उभ्या राहिल्या. शिंपी गळ्यातली टेप न काढताच आला. हळूहळू खालच्या चारही मजल्यांवर माणसं जाळीला लागली. एवढा श्रोतृवर्ग गावातल्या कोणत्याही लेखकाला मिळाला नसेल, आणि मिस्त्रींना त्यातलं कोणीही दिसत नव्हतं. ते सगळी सोळा पानं वाचत गेले. चौकशीतलं, गोदामातलं, जिन्यातलं. "त्याच्या हातांचा भरवसा होता, माझ्या जिभेचा नव्हता," इथे प्रकरण संपलं तेव्हा त्यांचा घसा बसला होता.

"पुढचं प्रकरण कधी?" मास्तरीणबाईंनी विचारलं. त्यांना सगळ्यांनी गप्प केलं.

वरून काहीच येईना. मिस्त्री खड्ड्यात उभे होते. एवढा वेळ त्यांनी आयुष्यात कशाची वाट बघितली नव्हती.

मग रुळावर ठोका पडला. एक. ऐकलं.

बऱ्याच वेळाने दोन. बाहेर निघ.

मिस्त्री धडपडत बाहेर आले. वर जिन्यात पावलं वाजली, पण ती उतरत नव्हती, गच्चीकडे चढत होती. यंत्राच्या खोलीचं दार करकरलं. खट्. लाल स्विच. पावलं परत पाचव्यावर आली. आणि रुळावर तीन ठोके पडले.

लिफ्ट खाली यायला लागली. प्रत्येक मजल्यावरची माणसं तिला जाताना बघत होती, आणि का कोण जाणे, प्रत्येक मजल्यावर टाळ्या वाजल्या. तळाला येऊन ती थांबली. आत आरशाखाली दोरीला पुस्तक लोंबकळत होतं आणि शेजारी जोडीदार उभा होता, हातात ठोकायला घेतलेलं उलथणं. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"एकशे चार पायऱ्या," तो म्हणाला. "रोज."

मिस्त्रींनी मान खाली घातली.

"चौकशीच्या दिवशी टेबलावर माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला होता. आठवतंय?"

मिस्त्रींना आठवलं.

"तो तू प्यायलास. सगळा. चौकशी माझी, घसा माझा कोरडा पडलेला, आणि याला एवढी तहान कशाची लागली, म्हणून मी एकोणीस वर्षं विचार करतोय. आज कळलं. ते पुस्तकात नाही."

"राहिलं."

"राहिलं नाही, गाळलंस. स्विच तू अंधारात दाबलास. अंधारात कोणाचाही हात चुकेल. पाणी तू उजेडात प्यायलास. ते लिही."

"पुढच्या आवृत्तीत..."

"पुढची आवृत्ती!" जोडीदार पहिल्यांदाच हसला, पण ते हसू बरं नव्हतं. "घरात जेवढ्या पडल्यात तेवढ्या सगळ्यांत लिही. हाताने."

रविवारी मुलगा गाडी घेऊन आला आणि एक ट्रंक घेऊन परत गेला, कारण वडील म्हणाले की इथे काम निघालंय, आणि लिफ्ट असताना गुडघ्यांचं कौतुक कशाला. सोमवारपासून जोडीदार रोज दुपारी जेवून लिफ्टने पहिल्या मजल्यावर येऊ लागला. तो एका गठ्ठ्यावर बसायचा, मिस्त्री दुसऱ्यावर. मिस्त्री नवव्या प्रकरणाच्या शेवटी पेनाने लिहायचे, "समोरचं पाणी माझं नव्हतं, तरी मी प्यायलो." ज्या प्रतींत आठवं दोनदा होतं त्यांत अख्खं नववं प्रकरण कागदावर लिहून चिकटवायचं. जोडीदार प्रत्येक प्रत तपासायचा. अक्षर गिचमिड झालं की परत द्यायचा. दोराचे पेडही त्याने सगळीकडे आठाचे सहा करून घेतले. बोलणं काहीच नाही. गावात पुस्तक गाजायचं राहिलंच. इमारतीतल्या लोकांनी तर फुकट ऐकलं होतं, ते कशाला विकत घेतात!

एका दुपारी उकाडा फार होता. मिस्त्रीणबाई निळ्या पडद्याची शिलाई थांबवून उठल्या आणि पाण्याचा ग्लास आणून दोघांच्या मध्ये ठेवला. एकच. त्या विसरल्या की मुद्दाम, ते त्यांनाच ठाऊक. मिस्त्रींचं पेन थांबलं. घसा सुकला होता. त्यांनी ग्लास उचलला आणि जोडीदाराच्या हातात दिला.

जोडीदाराने तो तोंडाला लावला आणि न थांबता, सावकाश, तळाचा थेंब येईपर्यंत प्यायला. रिकामा ग्लास खाली ठेवून त्याने तोंड पुसलं.

"हं," तो म्हणाला, "पुढची प्रत घे."